पाळण्यातल्या पायांची क्रमवारी

अमेरिकेतील हायस्कुलांतून बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांची जी राष्ट्रीय क्रमवारी दरवर्षी, किंबहुना वर्षातून अनेकदा, प्रसिद्ध होते, आणि जिच्यात चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना पहिला, सातवा, एक्केचाळिसावा असे अनुक्रमांक देऊन त्यांच्या नावांपुढे तीन, चार, पाच तारे मांडले जातात, तिच्यावर कोणी आक्षेप घेतला की तिचे कैवारी एक ठरलेला जबाब पुढे करतात. ते म्हणतात की ही क्रमवारी बहुतांशी खरी ठरते, आणि जे खरे ठरते त्याला अन्याय्य म्हणता येत नाही. तिच्यामुळे दरिद्री वस्तीतला, ज्याच्या शाळेचे नावही कोणी ऐकलेले नाही असा मुलगा मोठमोठ्या विद्यापीठांच्या नजरेस येतो. आणि ह्यात उतरणारी मुले व त्यांचे पालक स्वखुशीने उतरतात, तेव्हा त्रयस्थाने त्यांची वकिली करण्याचे प्रयोजन नाही. ह्या जबाबातील प्रत्येक विधानात काही तथ्य आहे, आणि म्हणूनच तो मोडीत काढण्यापूर्वी नीट तपासला पाहिजे. माझे म्हणणे आरंभीच नमूद करतो. गुणी मुलाचा शोध घेणे हे मी सत्कार्य मानतो. त्या शोधाचा निष्कर्ष अनुक्रमांकाच्या रूपाने चव्हाट्यावर मांडणे, आणि तेही मुलाची हाडे अद्याप वाढत असताना, हे मी अकार्य मानतो. क्रमवारीच्या कैवाऱ्यांची सारी मदार ह्या दोन गोष्टी एकच आहेत असे भासविण्यावर आहे.

त्या एक नाहीत हे ह्या व्यवसायाचा इतिहासच सांगतो. १९६६ साली हॉवर्ड गारफिंकल ह्या न्यूयॉर्कच्या गृहस्थाने ‘फाइव्ह-स्टार’ नावाचे उन्हाळी शिबिर सुरू केले, पेनसिल्व्हेनियातील होन्सडेलच्या डोंगराळ मुलखात ते नावारूपाला आले, आणि त्याच गारफिंकलने ‘हायस्कूल बास्केटबॉल इलस्ट्रेटेड’ नावाचे एक पत्रक चालविले, जे केवळ कॉलेजांच्या प्रशिक्षकांकडे वर्गणीने जात असे. १९८४ साली हे पत्रक त्याने टॉम कोंचाल्स्की ह्यांच्या स्वाधीन केले. हे कोंचाल्स्की मूळचे गणिताचे शिक्षक, क्वीन्स भागात राहणारे, सहा फूट सहा इंच उंचीचे, अत्यंत धर्मनिष्ठ. २०२१च्या फेब्रुवारीत ते वारले, तोवर सुमारे चार दशके त्यांनी ईशान्य अमेरिकेतील शाळांच्या व्यायामशाळा पायाखाली घातल्या. ते मोटार चालवीत नसत, संगणक वापरीत नसत, खिशात फोन बाळगीत नसत; बसने व आगगाडीने जायचे, सर्वांत वरच्या बाकावर बसायचे, पिवळ्या कागदाच्या वहीत टिपणे करायची, आणि घरी येऊन ती टंकलेखन यंत्रावर उतरवून, कागदांना टाचण्या मारून टपालाने पाठवायची, असा त्यांचा क्रम होता. गुणांकन तेही करीत, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्या गुणांच्या शेजारी मुलाच्या खेळाचे शब्दांत केलेले वर्णन असे. ते वर्णन ज्याने त्या मुलाला शिष्यवृत्ती द्यावयाची त्याच्याच हाती पडे. आणि मुलाच्या वर्गातील सोबत्याला, शेजाऱ्याला, बूट विकणाऱ्या कंपनीच्या मुखत्याराला ते वाचावयास मिळत नसे. कोणत्याही मुलाविषयी ते वाईट बोलत नसत, अशी त्यांची ख्याती होती. शोध म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी ह्या माणसाकडे बोट दाखवीन.

ह्या जुन्या पद्धतीने कोणाचे भले केले ह्याचेही एक उदाहरण सर्वपरिचित आहे. १९८०च्या उन्हाळ्यात विल्मिंग्टन, नॉर्थ कॅरोलायना येथील एक सतरा वर्षांचा मुलगा पिट्सबर्गच्या फाइव्ह-स्टार शिबिरात आला, आणि पाहता पाहता तेथील पारितोषिके घेऊन गेला. त्याचे नाव मायकेल जॉर्डन. त्याची थोरवी पाहून गारफिंकलने ‘स्ट्रीट अँड स्मिथ’ ह्या प्रतिष्ठित वार्षिकाकडे तातडीने फोन केला. परंतु त्या वर्षीच्या नामांकित खेळाडूंची यादी तोवर छापखान्यात गेलेली होती, आणि तीत जॉर्डनचे नाव नव्हते. माणसाने पाहिले, यादीने पाहिले नाही. पुढे कारभाराचे स्वरूपच पालटले. १९८४ साली सॉनी व्हॅकारो ह्यांनी नायकी कंपनीच्या आश्रयाने ‘एबीसीडी’ नावाचे शिबिर काढले. नंतर तेच शिबिर आदिदासच्या, आणि अखेरीस रीबॉकच्या छत्राखाली गेले. बूट कंपन्यांच्या ध्यानात आले की उद्याचा जॉर्डन आज आपल्या बुटांत उभा राहिला तर त्याचे मोल अपरिमित आहे. उन्हाळी संघांना बूट, गणवेश आणि प्रवासखर्च पुरविणाऱ्या साखळ्या निर्माण झाल्या. २०१०पासून नायकीची ‘ईवायबीएल’ ही लीग चालते आणि दर जुलैत साउथ कॅरोलायनातील नॉर्थ ऑगस्टा येथे तिचा ‘पीच जॅम’ नावाचा समारोप भरतो. मुलांविषयीची माहिती ही पूर्वी प्रशिक्षकाच्या दप्तरातील खाजगी नोंद होती. ती आता सार्वजनिक माल झाली, आणि मालाला दर्शनी किंमत लागते. तारे आणि अनुक्रमांक ही ती किंमत होय.

आता खरेपणाचा मुद्दा घेतो, कारण कैवाऱ्यांचा खरा गड तोच आहे. प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे की हायस्कुलाच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे सतरा-अठराव्या वर्षी, यादीच्या शिखरावर असलेला मुलगा पुढे मोठा खेळाडू होण्याचा संभव इतरांहून कितीतरी अधिक असतो. २००३चा लेब्रॉन जेम्स, २००४चा ड्वाइट हॉवर्ड, २००६च्या तुकडीत ग्रेग ओडनच्या पाठोपाठ दुसरा मानला गेलेला केव्हिन ड्युरंट, हे दाखले कोणी नाकारीत नाही. मात्र खरेपणाचा हा हिशेब मांडताना एक रक्कम दोनदा धरली जाते. ज्याला पाच तारे मिळाले त्याला उत्तम उन्हाळी संघ मिळतो, उत्तम सहकारी मिळतात, नामांकित विद्यापीठ मिळते, तेथे पहिल्या दिवसापासून मैदानावर स्थान मिळते, चार सामने वाईट गेले तरी पाचव्यात पुन्हा संधी मिळते. आणि व्यावसायिक संघाने त्याला एकदा मोठ्या रकमेवर घेतले की केलेला खर्च व्यर्थ गेला असे दिसू नये म्हणूनही त्याला खेळविले जाते. ज्याला दोन तारे मिळाले त्याला हे सारे प्रथम सिद्ध करावे लागते, आणि सिद्ध करण्याची जागाच पुष्कळदा मिळत नाही. तेव्हा यादी भविष्य वर्तविते एवढेच खरे नाही; ती ते भविष्य काही अंशी घडविते, आणि मग आपणच घडविलेल्या फळाकडे बोट दाखवून स्वतःच्या द्रष्टेपणाचा दाखला देते. असा दाखला कोणत्याही न्यायालयात पुरावा म्हणून टिकणार नाही.

आणि एवढे साहाय्य असूनही ती किती वेळा चुकते! स्टीफन करी हा एनबीए ह्या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधल्या एका खेळाडूचा पुत्र, शार्लटच्या शाळेत सर्वांच्या डोळ्यांपुढे खेळत होता. तो लहानखुरा म्हणून मोठ्या विद्यापीठांनी त्याच्यासाठी शिष्यवृत्ती काढली नाही आणि तो डेव्हिडसन ह्या छोट्या कॉलेजात गेला. २०१६ साली एनबीएच्या इतिहासात प्रथमच सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान एकमताने दिला गेला, तो त्याला. डेमियन लिलार्ड हा ओकलंडचा मुलगा युटातील वीबर स्टेटमध्ये गेला. कवाय लेनर्ड कॅलिफोर्नियाच्या हायस्कुलांतील त्या वर्षीचा श्रेष्ठ खेळाडू ठरूनही मोठ्या घराण्यांच्या पंगतीत बसला नाही. जिमी बटलर टेक्सासातील एका दोन वर्षांच्या कॉलेजातून वर आला. हे सर्व अपवाद आहेत असे म्हणून सोडून देता येत नाही, कारण हे आपल्या काळातील अगदी अग्रभागी खेळाडू आहेत. आणि अग्रभागी कोण येईल हे सांगण्याचाच तर ह्या यादीचा दावा आहे.

चूक का होते, ह्याचे कारण शोधणाऱ्यांच्या बुद्धीत नसून मुलांच्या शरीरात आहे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात अशी आपल्याकडे म्हण आहे; ती कौतुकाची म्हण आहे, आणि कौतुकापुरती ती शोभून दिसते. पण ज्या खेळात दहा फुटांवर टोपली टांगलेली असते, आणि दोन इंचांच्या फरकाने खेळाडूची मैदानावरील जागा बदलते, तेथे चौदाव्या वर्षीच्या पायांवरून अठराव्या वर्षीचे पाय ओळखणे शास्त्रज्ञालाही शक्य नाही. १९७८ साली विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कुलात पंधरा वर्षांच्या जॉर्डनला मुख्य संघात न घेता दुय्यम संघात ठेवले गेले आणि त्याच वर्गातील लिरॉय स्मिथ ह्याला वर घेतले. ही हकिगत ‘जॉर्डनला संघातून हाकलले’ अशा विपर्यस्त रूपात सांगितली जाते. खरी गोष्ट अशी की संघाला उंच मुलगा हवा होता, स्मिथ सहा फूट सात इंच होता आणि जॉर्डन सहा फुटांच्याही आत होता. त्या दिवशीच्या गरजेपुरता तो निर्णय चुकीचा नव्हता. परंतु त्याच दिवशी कोणी त्या दोघांची राष्ट्रीय क्रमवारी छापली असती, तर?

शिकागोच्या एका लहानशा शाळेत अँथनी डेव्हिस नावाचा मुलगा होता. सहा फूट दोन-तीन इंच उंचीचा, चेंडू हाताळणारा, बाहेरून नेम मारणारा; त्याला शिष्यवृत्ती देऊ करणारे एकच विद्यापीठ होते, क्लीव्हलंड स्टेट. सुमारे दीड वर्षात तो सहा फूट दहा इंच झाला. लहानपणी कमावलेले हात तसेच राहिले आणि वर सात इंच आले. मग तो देशातील अग्रगण्य ठरला, केंटकीला गेला, २०१२ साली त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, त्याची निवड सर्वप्रथम झाली. स्कॉटी पिपेन हायस्कुलातून बाहेर पडला तेव्हा सुमारे सहा फूट एक इंच होता. सेंट्रल आर्कान्सा येथे तो प्रथम संघाचे सामानसुमान सांभाळी. डेनिस रॉडमन शाळेत खेळाडू म्हणून कोणाच्या खिजगणतीत नव्हता. शाळा संपल्यावर डॅलसच्या विमानतळावर रात्रपाळीला झाडलोट करीत असताना त्याची उंची झपाट्याने वाढली. ह्या तिघांना त्यांच्या चौदाव्या वर्षी पाहिलेल्या कोणत्याही स्काउटला, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याला, दोष देता येणार नाही. दोष त्याचा, जो पाहणे पुरे होण्यापूर्वी आकडा देतो.

उलट बाजू अधिक दुःखद आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. काही मुले लवकर वाढतात. बाराव्या वर्षी ती सोबत्यांपेक्षा हातभर उंच असतात, म्हणून प्रशिक्षक त्यांना टोपलीखाली उभी करतो, ती सामने जिंकून देतात, यादीत वर चढतात. आणि सोळाव्या वर्षी इतर मुले त्यांना गाठतात तेव्हा ज्यांना उंचीची जागा घ्यावयाची ती कौशल्ये त्यांच्या हातांना कोणी शिकविलेलीच नसतात. पुलित्झर पारितोषिकविजेते पत्रकार जॉर्ज डोरमन ह्यांनी कॅलिफोर्नियातील अशा एका मुलाच्या, डिमिट्रियस वॉकरच्या, मागे अनेक वर्षे राहून २०१० साली ‘प्ले देअर हार्ट्स आउट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. हायस्कुलात पाऊल टाकण्यापूर्वीच हा मुलगा आपल्या वर्गात देशात पहिला म्हणून छापला गेला होता, त्याची लेब्रॉनशी तुलना झाली होती. त्याची उंची जेथे थांबावयाची तेथे थांबली. ते पुस्तक वाचताना मला सर्वाधिक यातना झाल्या त्या त्याच्या अपयशामुळे नव्हेत. खेळात अपयश कोणालाही येते. आपण जसे आहोत तसे असणे हीच आपली कसूर आहे अशी त्या कोवळ्या मुलाची जी समजूत झाली, तिच्यामुळे झाल्या. त्याची काहीच कसूर नव्हती. एका प्रौढ माणसाने एक आकडा छापला होता आणि तो आकडा त्याने मुलाकडून वसूल केला.

व्यावसायिक संघांचे ह्या बाबतीतील वर्तन कैवाऱ्यांनी जरूर अभ्यासावे. १९९५ साली केव्हिन गार्नेट हायस्कुलातून थेट एनबीएत आला, त्याच्या पुढच्या वर्षी कोबी ब्रायंट आला, आणि मग शाळकरी मुलांना उचलण्याची चढाओढ लागली. २००१ साली क्वामी ब्राउन हा ड्राफ्टमध्ये प्रथम क्रमांकावर निवडला गेलेला पहिला हायस्कूल खेळाडू ठरला. त्याने पुढे अनेक वर्षे एनबीएत मानाने नोकरी केली, परंतु पहिल्या क्रमांकाला साजेसे यश त्याच्या वाट्याला आले नाही आणि त्याबद्दल त्याला जी अवहेलना सोसावी लागली ती अमानुष होती. त्याची निवड वॉशिंग्टनच्या संघाने केली होती, आणि त्या संघाचा कारभार त्या वेळी पाहत होता स्वतः मायकेल जॉर्डन. ज्याने हा खेळ सर्वांहून अधिक जाणला, आणि ज्याला स्वतःला पंधराव्या वर्षी दुय्यम संघात बसावे लागले होते, त्याच्याही डोळ्यांना अठरा वर्षांच्या मुलाच्या अंतरंगाचा ठाव लागला नाही. अखेर २००५च्या करारात एनबीएने वयाची अट वाढवून एकोणीस केली आणि हायस्कुलानंतर किमान एक वर्ष जावे असे ठरविले. आपल्या स्काउटांनी शाळांच्या व्यायामशाळांतून बाहेर पडावे असा हेतू त्या वेळचे आयुक्त डेव्हिड स्टर्न ह्यांनी उघडपणे बोलून दाखविला होता. ज्यांच्यापाशी वैद्य आहेत, मोजमापाची साधने आहेत, मुलाखती घेण्याचा अधिकार आहे, आणि चूक झाल्यास स्वतःचे कोट्यवधी डॉलर बुडण्याचे भय आहे, त्यांनी अठराव्या वर्षीच्या मुलाविषयी निकाल देण्यास आणखी वर्षभराची मुदत मागून घेतली. ज्यांचे स्वतःचे काहीच बुडत नाही, ते चौदाव्या वर्षी निकाल देऊन मोकळे होतात.

अलीकडे तर कॉलेजांनीही तोच कौल दिला आहे. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याचे निर्बंध शिथिल झाल्यापासून अनेक प्रशिक्षक पाच तारे लावलेल्या शाळकरी मुलापेक्षा दोन-तीन वर्षे प्रत्यक्ष खेळून दाखविलेला बावीस वर्षांचा गडी पसंत करू लागले आहेत.

अनुक्रमांक मुलाचे काय करतो, हे २००१च्या जुलैत न्यू जर्सीतील टीनेक येथे दिसले. एबीसीडी शिबिरात न्यूयॉर्कचा लेनी कूक हा सर्वांत नावाजलेला होता. काही याद्यांत तो देशात पहिला होता. समोर ओहायोतील ॲक्रनचा, त्याच्याहून लहान, लेब्रॉन जेम्स होता. जेम्सने शेवटच्या क्षणी दुरून चेंडू टाकून सामना जिंकला. एका सामन्यात हरणे म्हणजे काय मोठे? पण आकड्याच्या राज्यात हरणे म्हणजे पदच्युत होणे. पुढच्या वर्षी कूकने एनबीएच्या ड्राफ्टसाठी नाव दिले, आणि दोन्ही फेऱ्या संपल्या तरी त्याचे नाव पुकारले गेले नाही. कॉलेजचे दार त्याने आधीच बंद करून घेतले होते. त्याच्यावर २०१३ साली सॅफ्डी बंधूंनी केलेला माहितीपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की त्याच्या आसपास वावरणाऱ्या प्रौढांपैकी फार थोड्यांनी त्याला अभ्यासाला, व्यायामाला, धीर धरण्याला लावले. तो पहिला होता. पहिल्याला कोण काय शिकविणार? २०१९च्या ऑक्टोबरात पंधरा वर्षांचा एमोनी बेट्स ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर झळकला, पुढच्या वर्षी देशातील सर्वोत्कृष्ट हायस्कूल खेळाडूचा गेटोरेड पुरस्कार मिळविणारा तो त्याच्या इयत्तेतला पहिला मुलगा ठरला, त्याने एक वर्ष गाळून लवकर कॉलेज गाठले, आणि २०२३ साली तो ड्राफ्टमध्ये एकोणपन्नासावा निवडला गेला. एनबीएत पोहोचणे हीच केवढी मोठी मजल! आणि तरी त्याच्याविषयी जे जे छापले जाते त्यात त्याचा उल्लेख ऱ्हासाची कथा म्हणून होतो. एकोणपन्नासावा झाला हा त्याचा पराक्रम आहे. पंधराव्या वर्षी पहिला ठरविला गेला म्हणून तो पराभव दिसतो.

स्वखुशीचा युक्तिवाद मी थोडक्यात निकालात काढतो, कारण तो युक्तिवाद करणाऱ्यांनाही फारसा पटत नसावा. चौदा वर्षांच्या मुलाच्या सहीने कायदा साधे घर भाड्याने देत नाही. पालकांचे म्हणावे तर, शेजाऱ्याचा मुलगा यादीत असताना आपला नसावा हे कोणत्या आईबापांना सोसेल? मुलाला मुद्दाम एक इयत्ता पुन्हा करावयास लावून, वर्षाने मोठा करून, धाकट्यांच्या गटात उभा करण्याची प्रथा त्यातूनच बोकाळली. जन्मतारखेचा हा लाभ किती खोल जातो हे रॉजर बार्न्सली ह्या संशोधकाने १९८५ सालीच कॅनडातील आइस हॉकीच्या संदर्भात दाखवून दिले होते: वयोगटाच्या सीमारेषेनंतर लगेच जन्मलेली मुले निवडलेल्या संघांत प्रमाणाबाहेर अधिक आढळतात, कारण ती केवळ काही महिन्यांनी मोठी असतात. आणि ह्या ‘स्वखुशी’च्या भोवती पैसा कसा फिरतो, ते २०१७च्या सप्टेंबरात जगाला दिसले: अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेने नामांकित विद्यापीठांच्या चार साहाय्यक प्रशिक्षकांना आणि आदिदासच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक केली, क्रमवारीत वर असलेल्या मुलांच्या घरी गुपचूप रकमा पोहोचवून त्यांना कंपनीशी करार असलेल्या विद्यापीठांकडे वळविल्याच्या खटल्यात २०१८च्या ऑक्टोबरात तिघांना दोषी ठरविले गेले. २०२१च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर उघडपणे पैसे मिळविता येतात, आणि २०२५च्या जुलैपासून कॉलेजेही त्यांना थेट वेतन देऊ शकतात. हे न्याय्यच झाले. ज्याच्या श्रमावर प्रेक्षागृहे भरतात त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु ह्या सुधारणेने अनुक्रमांकाची भूक कमी न होता वाढली आहे, कारण आता प्रत्येक पायरीला भाव आहे, आणि तो भाव हायस्कुलापर्यंत खाली उतरला आहे.

राहिला गरीब मुलाचा प्रश्न. हा एकच मुद्दा असा आहे की ज्यापुढे मी आदराने थांबतो. १९९४च्या ‘हूप ड्रीम्स’ ह्या माहितीपटात शिकागोच्या दोन काळ्या मुलांना एक स्काउट मैदानावरून उचलून उपनगरातील संपन्न कॅथलिक शाळेत नेतो. तेथे विल्यम गेट्सला आश्रयदाता मिळतो. आर्थर अजीकडून मात्र फीची थकबाकी झाल्यावर त्याला वर्षाच्या मध्येच घरी पाठविले जाते, कारण त्याच्याकडून जी अपेक्षा होती ती शाळेच्या मते पुरी होत नव्हती. हाच अजी पुढे आपल्या वस्तीतील मार्शल हायस्कुलाला १९९१च्या राज्यस्पर्धेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत घेऊन गेला. गरिबाला वर काढणारी व्यवस्था ती हीच असेल, तर ती गरिबाला कोणत्या शर्तीवर वर काढते हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

शिवाय शोधासाठी यादी लागते हेच मुळात खरे नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मरी स्टेट ह्या केंटकीतील लहान विद्यापीठाचे साहाय्यक प्रशिक्षक जेम्स केन साउथ कॅरोलायनातील एका शिबिरात दुसऱ्याच खेळाडूला पाहण्यासाठी गेले होते. काही खायला आणावे म्हणून ते बाहेर पडले, बाजूच्या दुय्यम व्यायामशाळेतून चेंडूचा आवाज आला, डोकावले, तर तेथे तिघांविरुद्ध तिघे असा खेळ चालला होता आणि त्यात एक सडपातळ मुलगा होता. त्या मुलाला कोणत्याही राष्ट्रीय यादीत स्थान नव्हते, जरी तो ज्याच्या नावाने सारा देश दुमदुमत होता त्या झायन विल्यमसनच्या उन्हाळी संघात पूर्वी खेळलेला होता. केन ह्यांनी आपल्या वरिष्ठाला कळविले. तो मुलगा, जा मोरँट, २०१९ साली ड्राफ्टमध्ये त्याच विल्यमसनच्या पाठोपाठ दुसरा निवडला गेला. एकाच संघातील दोन मुलांपैकी यादीला एकच दिसला. दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरा दिसला.

हा परक्या देशाचा मामला आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल म्हणून एवढेच सांगतो की तो पूर्णपणे परका राहिलेला नाही. पंजाबातील बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१० साली, चौदा-पंधराव्या वर्षी, मुख्यतः त्याच्या असामान्य उंचीमुळे निवडून फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत नेला गेला. २०१५ साली डॅलसने त्याला बावन्नावा निवडले, आणि ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय ठरला, परंतु एनबीएच्या एकाही सामन्यात तो उतरला नाही. २०१९च्या ऑक्टोबरात मुंबईच्या वरळीत एनबीएचे पहिले दोन सामने झाले तेव्हा त्यांतील पहिला शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता. ती मुले आनंदाने ओरडत होती, तसेच ओरडावे. जेथे हा खेळ जातो तेथे त्याची बाजारपेठही मागोमाग जाते, आणि मुंबई-पुण्याच्या शाळांतील चेंडू खेळणाऱ्या मुलामुलींच्या नावांपुढे तारे लागण्याचा दिवस येण्यापूर्वी आपण ह्याविषयी मत बनविलेले बरे.

मग करावे काय? कायद्याने क्रमवारी छापण्यास बंदी घाला अशी मागणी मी करीत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतील, भाषणस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली दुरुस्ती अशी बंदी टिकू देणार नाही, आणि ती टिकू नये. परंतु एनसीएए ह्या कॉलेजांच्या नियामक संस्थेच्या हाती एक अधिकार आज आहे. उन्हाळ्यातील कोणत्या स्पर्धांना व शिबिरांना कॉलेजच्या प्रशिक्षकांनी हजर राहावे, ह्यासाठी ती संस्था मान्यतेची सनद देते. ज्या आयोजकाला सनद नाही त्याच्या बाकांवर प्रशिक्षक बसू शकत नाही, आणि प्रशिक्षक नसतील तर तेथे मुलेही येणार नाहीत. हीच संस्था २००९ साली आपल्या नियमांत सातवीच्या मुलांनाही भावी खेळाडू म्हणून धरू लागली, कारण प्रशिक्षक तितक्या लहान मुलांच्या खाजगी शिबिरांपर्यंत पोहोचले होते आणि त्यांना आवर घालणे भाग होते. म्हणजे ह्या रोगाची वार्ता तिला नाही असे नाही. तिने त्या सनदेत एक अट घालावी: सोळा वर्षे पुरी न झालेल्या मुलाचा अनुक्रमांक जो आयोजक स्वतः प्रसिद्ध करील, किंवा प्रसिद्ध करणाऱ्याशी आर्थिक हितसंबंध ठेवील, त्याला मान्यता नाही. मुलांच्या खेळाचे वर्णन प्रशिक्षकांना हवे तेवढे द्यावे, कोंचाल्स्की देत असत तसे. मोजमापे द्यावीत, चित्रफिती द्याव्यात, गुणदोष लिहावेत, आणि ते सर्व ज्याला शिष्यवृत्ती देण्याचा अधिकार आहे त्याच्या टपालात पडावे. बूट कंपन्यांनी पीच जॅम भरवावा, मुलांना उत्तम मैदाने व उत्तम प्रतिस्पर्धी मिळावेत, ह्याला माझा विरोध नाही. ही अट घालण्यास नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. एनसीएएच्या सभासदांची एक बैठक आणि त्यांचे बहुमत लागते, आणि ते मिळविण्यासाठी विद्यापीठांच्या अध्यक्षांना पत्रे लिहिण्याचे काम प्रशिक्षकांच्या संघटनेने ह्याच वर्षी हाती घ्यावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे.